टेकडीवर फोनने किडे टिपायला जाताना

आदल्या रात्री फूटपट्टी काढा. क्लिपवाली मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक वस्तू मोठी दाखवणारी) फोनला लावा, पट्टीवरच्या रेघा स्वच्छ दिसेपर्यंत फोन मागेपुढे करा आणि ते अंतर पाठ करा. खरोखर दहापटीची लेन्स असेल तर ते जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतं. मग पट्टी तिरपी धरून एक फोटो काढा. एक-दोन मिलिमीटरच्या रेघा धारदार येतील, बाकी सगळं धूसर. किड्याचंही हेच होणार, म्हणून नेम कायम डोळ्यांवर.

फोनचं जाड कव्हर काढून ठेवा, नाहीतर क्लिप तिरकी बसते आणि कोपरे काळे येतात. दोन-तीन कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये आणखी एक घोळ होतो: जवळ गेलं की फोन आपणहून अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि आपली लेन्स राहते भलत्याच कॅमेऱ्यावर. ही आपोआप उडी, म्हणजे ऑटो मॅक्रो, घरीच बंद करून या.

पिशवीत चष्म्याचं मऊ फडकं, पॉवर बँक, वाऱ्यात हलणारी फांदी धरायला कपड्याचा चिमटा आणि बांबूची काडी, आणि बटर पेपरचा तळहाताएवढा तुकडा. हा तुकडा विसरू नका. ढालकिड्याची पाठ आरशासारखी चकाकते, थेट उन्हात तिच्यावर पांढरा डाग पडतो. ऊन आणि किडा यांच्यामध्ये कागद धरला की फोटोत खरा रंग येतो. पायात बूट हवेतच, पावसाळ्यानंतर पुण्याच्या वेताळ टेकडीवर कुसळं मोजे सोडत नाहीत.

उजाडताच पोहोचा. गारठ्यात किडे सुस्त असतात, वाराही पडलेला असतो. सुरुवात रुईपासून करा. कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा, काळ्या पायांचा, दोनेक मिलिमीटरचा, सोंड खुपसून रस पीत बसलेला असतो. तो पळत नाही, त्यामुळे हात बसवायला याच्याइतका चांगला किडा नाही. रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका.

सावली किड्यावर पडणार नाही अशा बाजूने या. कोपर गुडघ्यावर टेका, स्क्रीन दाबून धरून फोकस लॉक करा आणि पाठ केलेल्या अंतरावर श्वास रोखून फोन केसभर पुढे-मागे सरकवत बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात सलग, वीस-तीस फोटो घ्या. शटर हाताने ठरवता येत असेल तर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा. झाडापासून उठण्याआधी फोटो मोठा करून डोळ्याची कड तपासा.