पावसाळ्यात काम थांबण्याआधी बांधकाम कामगाराने करावयाची तयारी

जून उजाडला की कोल्हापुरात बाहेरून रंग देण्याची आणि स्लॅबची कामे मागे पडतात, आणि राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी गाठली की उरलेसुरले कामही बंद होते. स्वतःची कामे स्वतः धरणाऱ्या रंगाऱ्याला, गवंड्याला किंवा प्लंबरला त्या काळासाठी बेकारी भत्ता नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेतील (ईएसआय) तसा लाभ विमा उतरवलेल्या नोकरदार कामगारांपुरता आहे. हे आधीच ध्यानात घ्यावे, म्हणजे चुकीच्या खिडकीपुढची रांग वाचेल. हाती राहतात ते इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे मुलांचे शिक्षण, बाळंतपण, आजारपण यांसाठीचे लाभ, आणि त्यांची तयारी काम चालू असतानाच करावी लागते.

मंडळाकडे नोंदणी करायला जाताना आधार कार्ड, रहिवासाचा व वयाचा पुरावा आणि फोटो कोणीही नेतोच. वय 18 ते 60 असावे, त्याबद्दल एवढे सांगणे पुरे.

सर्वात आधी बँक खाते पाहावे. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे वेगळे आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खाते आधारशी सीड झालेले, म्हणजे सरकारी रक्कम याच खात्यात यावी अशी बँकेमार्फत नोंद झालेले, असणे वेगळे. गेल्या वेळी माझा अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकले ते यामुळेच. पासबुकावर आधार क्रमांक दिसतो म्हणून निश्चिंत राहू नये. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून कोणत्या बँकेचे नाव येते ते वाचावे, कारण एका आधारवर अशा रकमेसाठी एकच खाते चालते आणि बहुधा ते शेवटी जोडलेले, आपण विसरून गेलेले खाते असते. कोल्हापुरात पिग्मीमुळे (रोजच्या छोट्या बचतीमुळे) जवळपास प्रत्येकाचे पतसंस्थेत खाते असते, पण या कामी ते चालत नाही. अर्जात लिहिलेले खाते आणि सीड झालेले खाते एकच असावे, हे अर्ज भरण्याच्या दिवशीही तपासावे.

यानंतरचे कठीण काम म्हणजे मागील वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र. ठेकेदाराकडे असणाऱ्याला ते ठेकेदार देतो. मात्र आज शिवाजी पेठेत आणि पुढच्या आठवड्यात उचगावात घर रंगवणाऱ्याला देणारा कोण, हा प्रश्न उरतोच. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि शहरात महापालिकेचा अधिकृत अधिकारी असे प्रमाणपत्र देऊ शकतो, परंतु त्यांनी आपल्याला काम करताना पाहिलेले नसते, म्हणून प्रत्येक घरमालकाकडून कामाचा पत्ता, तारखा आणि सही असलेली चिठ्ठी काम संपते त्याच दिवशी घ्यावी. सहा महिन्यांनी मालकाला तारीख आठवत नाही आणि आपल्यालाही नाही. खोटे दिवस भरून देणाऱ्या दलालाच्या वाटेला जाऊ नये. नोंदणीचे शुल्क अवघा 1 रुपया असताना त्याला हजार-पाचशे देण्याचे कारणच काय? शिवाय पडताळणीत दिवस खोटे निघाले तर नोंदणी आपलीच जाते, दलालाची नव्हे.

आधार आणि पासबुक यांवरील नावात एका अक्षराचाही फरक असेल तर तो आधी दुरुस्त करावा, आणि सीडिंग त्यानंतर पुन्हा पाहावे.

शिधापत्रिका प्राधान्य गटात असेल तर माणशी 5 किलो धान्य मिळते; शहरात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आणि गावात 44,000 रुपये आहे. शिधापत्रिकेवरील घरातील सर्वांची ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) करून घ्यावी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत गर्दी उसळते, म्हणून तो आधीच काढावा. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड काढावे. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी मूळ कागद माळ्यावर ठेवावेत. मंडळाच्या नोंदणीचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. मध्यंतरी नवे खाते उघडले असेल, तर सीडिंग पुन्हा तपासावे.