लहान गावात भाड्याचे घर आणि जागा कशी शोधावी

शहरात घर रिकामे राहिले की मालकाला दर महिन्याला तोटा जाणवतो, म्हणून तो जाहिरात देतो किंवा दलाल गाठतो. शे-दोनशे उंबऱ्यांच्या गावात तसे होत नाही. तेथील बंद घर बहुधा कुणाचे तरी वडिलोपार्जित घर असते आणि मालक किंवा त्याचे वारस दूर कुठेतरी राहत असतात. ते घर भाड्याने द्यावे असा विचार त्यांनी एकतर केलेलाच नसतो, किंवा अनोळखी माणूस एकदा आत आला की निघणार नाही या धास्तीने तो सोडून दिलेला असतो. जपानमध्ये २०२३ च्या राष्ट्रीय गृहपाहणीत सुमारे ९० लाख घरे, म्हणजे एकूण घरांपैकी १३.८ टक्के, रिकामी आढळली. तेथील अनेक स्थानिक प्रशासने अशा घरांची यादी ‘अकिया बँक’ या नावाने ठेवतात आणि घर शोधणाऱ्याची मालकाशी गाठ घालून देतात. जेथे अशी सोय आहे तेथे सुरुवात तिच्यापासूनच करावी. जेथे ती नाही, तेथे ही यादी गावातील माणसांच्या डोक्यात असते आणि विश्वास बसल्याशिवाय ती कुणी उघड करत नाही.

पुढील सर्व सूचनांमागे एक आग्रह आहे. गावात कायमचे राहायचे असले तरी आधी घर भाड्याने घ्यावे, वर्षाचे सगळे ऋतू तेथे काढावेत आणि मगच जागा विकत घेण्याचा विचार करावा. लहान गावात घेतलेली जागा पसंत पडली नाही तर ती विकायला गिऱ्हाईक मिळेपर्यंत वर्षे जाऊ शकतात, आणि भाड्यापोटी गेलेली रक्कम त्या अडकलेल्या पैशापुढे किरकोळ असते.

शोध कोठून सुरू करावा

गाव ठरवण्यापूर्वी रुग्णालय, शाळा आणि कामाचे ठिकाण येथपर्यंत प्रत्यक्ष लागणारा वेळ मोजावा. नकाशावरचे अंतर फसवे असते. घाटाचा, कच्चा किंवा पावसात बंद होणारा रस्ता पंधरा किलोमीटरचे चाळीस करून ठेवतो. त्यानंतर दोन-तीन शेजारची गावे मिळून एक टापू निवडावा, कारण एकाच गावात योग्य वेळी योग्य घर मोकळे असणे हा योगायोगच म्हणावा लागेल.

विचारपूस कोणाकडे करावी, याला फार महत्त्व आहे. पोस्टमन, विजेच्या मीटरचे आकडे घेणारा कर्मचारी, पाणी सोडणारा माणूस, आरोग्यसेविका, शिक्षक आणि रोज दूध गोळा करणारा यांचा दारोदार संबंध येतो. कोणत्या घराचा मीटर महिनोन्‌महिने जागचा हललेला नाही, कोणत्या घराची पत्रे दुसऱ्या पत्त्यावर पाठवली जातात, हे त्यांना पाठ असते. त्यांना ‘भाड्याने घर आहे का’ असे विचारले तर उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते, आणि ते खरेही असते, कारण कुणी घर भाड्याला काढलेलेच नसते. त्याऐवजी गावात कोणती घरे बंद आहेत आणि त्यांची देखभाल कोण करते, असे विचारावे. देखभाल करणारा शेजारी किंवा भाऊबंद हाच मालकापर्यंत जाण्याचा खरा दरवाजा असतो, आणि त्याला वगळून थेट मालकाला फोन केला तर पुढे त्याच्याच शेजारी राहणे जड जाते.

स्वतःविषयीची माहिती मोजक्या शब्दांत लिहून जवळ ठेवावी: घरात किती माणसे, उपजीविका काय, किती काळ राहायचे आहे, जनावरे किंवा वाहने आहेत का, पूर्वीचे घरमालक कोण आणि त्यांच्याशी बोलता येईल का. गावात नवा माणूस आला की हे प्रश्न विचारले जाणारच, आणि पहिल्याच दिवशी एकसारखी, स्पष्ट उत्तरे मिळाली तर निम्मी शंका तेथेच मिटते. मालकाची भीती घर परत न मिळण्याची आहे हे लक्षात घेऊन पहिला करार थोड्या मुदतीचा करण्याची तयारी आपणहून दाखवावी. भाडे वाढवून देण्यापेक्षा या तयारीचा परिणाम अधिक होतो असे माझे मत आहे. भाड्याची बोलणी मात्र चारचौघांत करू नयेत, कारण ठरलेला आकडा गावभर होतो आणि त्याचा त्रास मालकालाच अधिक होतो.

दोन प्रकारच्या घरांबाबत सावध राहावे. नोकरीसोबत मिळणारे घर स्वस्त असते, पण नोकरी संपली की बहुतेक वेळा छप्परही जाते. पर्यटकांची वर्दळ असलेल्या भागात हंगाम नसताना घर सहज मिळते आणि हंगाम येताच रिकामे करावे लागते. तेथे बारा महिन्यांचा करार लेखी मिळत नसेल तर ते घर धरू नये. घर न पाहता आणि मालकी न तपासता आगाऊ रक्कम कुणी मागत असेल, तर तेथेच थांबावे.

घर पाहताना

भिंतींना दिलेला रंग पाहण्यात वेळ घालवू नये. आधी पाणी पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मूलभूत गरजांसाठी माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर पाणी लागते, म्हणजे चार माणसांच्या घराला ४०० लिटरपर्यंत. एवढे पाणी कोरड्या ऋतूच्या अखेरीसही मिळते का, हाच खरा प्रश्न आहे. पावसाळा संपता संपता काठोकाठ भरलेली विहीर पाहून काहीच कळत नाही, म्हणून गेल्या काही वर्षांत सर्वांत वाईट महिन्यात पाणी किती खाली गेले होते हे मालकाला आणि शेजाऱ्याला वेगवेगळे विचारावे. छपरावरचे पाणी साठवण्याची सोय असेल तर हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस असेल तर गळती, बाष्पीभवन वगैरे काहीही वजा न करता ६०,००० लिटर होतात, आणि चार माणसांना ते १५० दिवस पुरतात. उरलेल्या दिवसांचे पाणी कोठून येणार, हे घर घेण्याआधी ठाऊक असले पाहिजे. विहीर सामाईक असेल तर उपशाच्या पाळ्या कशा ठरल्या आहेत, पंपाचे वीजबिल कोण भरतो आणि नव्या भाडेकरूला त्यात हक्क आहे की केवळ सवलत, हेही विचारावे.

पाण्याचे प्रमाण जितके महत्त्वाचे तितकीच त्याची शुद्धता. खासगी विहीर किंवा कूपनलिकेचे पाणी सरकारी पुरवठ्याप्रमाणे नियमित तपासले जातेच असे नाही, म्हणून नमुना प्रयोगशाळेत देणे ही भाडेकरूने स्वतःची जबाबदारी समजावी. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या मर्यादा अशा आहेत: १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळू नये. नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमपेक्षा आणि आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. शेतीच्या भागात नायट्रेट खतांमधून आणि शेणखताच्या ढिगांमधून भूजलात उतरते. अशा पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाला दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. हे पाणी उकळून काही उपयोग होत नाही. उकळल्याने जिवाणू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक तसेच राहतात आणि पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते. घरात लहान मूल असेल तर हा तपास झाल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नये, असे मी कळकळीने सांगेन.

याच ओघात शौचालयाचे सांडपाणी कोठे जाते ते स्वतः चालत जाऊन पाहावे. आपत्कालीन मदतकार्यात वापरल्या जाणाऱ्या स्फिअर मापदंडांनुसार शौचखड्डा भूजलाच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर असावा आणि त्याचा तळ भूजल पातळीच्या किमान दीड मीटर वर असावा. आपल्या खड्ड्याइतकाच शेजाऱ्याचा खड्डा आणि गोठाही मोजावा, विशेषतः ते विहिरीच्या चढाच्या बाजूला असतील तर. मैल्याची टाकी शेवटची कधी उपसली आणि तेथपर्यंत गाडी पोचते का, हे विचारून लिहून ठेवावे.

इमारतीत तीन गोष्टी पाहणे पुरेसे आहे. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत भिंतीवर डाग, पोपडे किंवा फक्त तेवढ्याच पट्ट्यात ताजा रंग असेल तर ओल खालून चढते आहे. लाकडावर किंवा भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. छप्पर आतून, दिवसा, दिवे बंद करून पाहावे, म्हणजे फटींतून येणारा उजेड दिसतो. वीज आणि मोबाइलची रेंज संध्याकाळी, घराच्या आत उभे राहून तपासावी. घरून काम करणाऱ्याने एक दिवस तेथे बसून प्रत्यक्ष काम करून पाहावे. उपग्रहावरचे इंटरनेट हा पर्याय असला तरी सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहातून बोलताना समोरच्याचे उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक विलंब होतो, तर काही शे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांत तो फारसा जाणवत नाही.

पुराविषयी शेजारच्या वृद्धांना विचारावे आणि जुनी उपग्रहछायाचित्रेही पाहावीत. ‘शंभर वर्षांत एकदा येणारा पूर’ या शब्दांनी निर्धास्त होऊ नये. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे, आणि तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते.

करार

गावात तोंडी बोलण्याला मान असतो आणि लेखी करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे काहींना वाटते. तरीही करार लिहूनच घ्यावा, कारण भांडणे होतात ती बहुधा दोघांनी एकाच बोलण्याचे वेगळे अर्थ लावल्यामुळे. सही करणाऱ्याला घर देण्याचा अधिकार आहे का, हे आधी पाहावे. मालक अनेक वारस असतील तर सर्वांची लेखी संमती हवी, आणि देखभाल करणारा सही करत असेल तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीने सही करण्याचा लेखी अधिकार, हवे. अनेक देशांत ठरावीक मुदतीपुढचा भाडेकरार नोंदवल्याशिवाय न्यायालयात पुरेसा टिकत नाही, तेव्हा नोंदणीचा नियम विचारून घ्यावा.

छापील नमुन्यांत नसलेल्या बाबी गावातल्या करारात स्पष्ट लिहाव्या लागतात: आवारातील फळझाडांचे उत्पन्न कोणाचे, मालकाने कुलूप लावून ठेवलेली खोली कोणती, तो किंवा त्याचे नातेवाईक सुट्टीत येऊन राहणार आहेत का, गोठा आणि परस वापरता येईल का, पंप बिघडला तर खर्च कोणाचा. दुरुस्ती भाडेकरूने करायची आणि तो खर्च भाड्यातून वळता करायचा, अशी पद्धत पडक्या घरांबाबत सर्रास असते. ती दोघांच्याही सोयीची आहे, पण त्यात भाडेकरूची बाजू कमकुवत असते, कारण घर चांगले झाले की ते परत मागण्याचा मोह मालकाला होतो. म्हणून कामांची यादी, खर्चाची कमाल मर्यादा आणि तो वळता होईपर्यंत मालकाने घर परत न मागण्याची अट, या तिन्ही गोष्टी करारात असाव्यात. ताबा घेताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत आणि मीटरचे आकडे दोघांच्या सहीने नोंदवावेत.

जागा विकत घ्यायची असल्यास

येथे वकील आणि मोजणीदार यांच्यावर खर्च करावाच लागतो. जमिनीच्या नोंदणीच्या दोन मुख्य पद्धती जगात आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने जी पद्धत आली, तिच्यात सरकारी नोंदवहीतील नाव हाच मालकीचा पुरावा मानला जातो. दुसऱ्या पद्धतीत सरकार केवळ दस्त नोंदवून ठेवते, आणि विकणारा खरोखर मालक आहे की नाही हे जुन्या दस्तांची साखळी मागे मागे तपासून खरेदीदाराने ठरवायचे असते. आपल्या देशात यांपैकी काय चालते, हे वकिलाला सर्वांत आधी विचारावे. दुसरी पद्धत असेल तर नोंदणीची पावती हातात असूनही मालकी वादात सापडू शकते.

कुंपण म्हणजे हद्द नव्हे, म्हणून मोजणी शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमक्ष करावी. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल, तर आजवर कुणी अडवले नाही एवढ्यावर विसंबू नये; वहिवाटीचा हक्क दस्तात लिहिलेला आणि नोंदवलेला हवा, कारण शेजारची जमीन विकली गेली की जुना समजूतदारपणाही संपू शकतो. जमिनीबरोबर पाणी येते, हेही गृहीत धरू नये. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा विकला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये काही ग्रामीण घरांत केवळ शेतीकाम करणाऱ्यानेच राहावे अशी बांधकाम परवान्याचीच अट असते, आणि अनेक देशांत शेतजमीन कोणी घ्यावी यावर कायद्याने मर्यादा आहेत. इटलीतील काही ओस पडत चाललेल्या गावांनी एका युरोला घरे देऊ केली, तीही ठरावीक मुदतीत दुरुस्ती करण्याच्या अटीवर. त्या दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो. नाममात्र किंमत दिसली की आधी अट वाचावी.

विसार देण्यापूर्वी पाण्याचा अहवाल समाधानकारक येणे, मोजणी कागदाशी जुळणे, सर्व वारसांच्या सह्या मिळणे आणि जागेवर बोजा किंवा गहाण नसणे या चार अटी विसारपत्रात लिहून घ्याव्यात. त्यांपैकी एकही पूर्ण झाली नाही तर संपूर्ण रक्कम किती दिवसांत परत मिळेल, याची तारीखही त्याच कागदावर असावी.