आजोबांची स्मरणिका, वर्षश्राद्धाच्या आत

नव्वदी गाठलेलं माणूस गेलं की तेराव्याला सगळं गणगोत जमतं, आणि पानं उचलली की आजोबांचे किस्से सुरू होतात. स्मरणिकेचं काम त्याच दुपारी सुरू करावं. लेख मागू नका, ते कधीच येत नाहीत. एक वही फिरवा. रकाने चार : नाव, फोन, आजोबांना काय हाक मारायचे, आणि एक प्रसंग एका ओळीत. तिसरा रकाना किरकोळ वाटतो, पण पुढे तोच उपयोगी पडतो. मुलांचे ते अण्णा, नातवंडांचे आजोबा, धाकट्या भावाचे दादा, गावाचे मास्तर. एकसारखं दिसावं म्हणून सगळीकडे 'आजोबा' करून टाकलं, की पुतण्याच्या तोंडी आजोबा येतात आणि कोण कुणाविषयी बोलतंय ते कळत नाही. ज्याची हाक त्याचीच ठेवा.

छापखान्यात जायच्या आधी तारीख बघा. वर्षश्राद्ध तिथीने येतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ते इंग्रजी तारखेच्या १०-११ दिवस आधी पडतं. मध्ये अधिक महिना आला तर उलट पुढे जातं. छापखान्याला इंग्रजी तारीख दिली, की गठ्ठा श्राद्ध उरकल्यावर दारात येतो. गुरुजींकडून दिवस पक्का करून घ्या आणि त्याच्या तीन आठवडे आधी मजकूर द्या.

मग जन्मतारीख. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, घरच्यांना तारीख सांगता यायची नाही, गुरुजी १ जून टाकून मोकळे. पत्रिका असेल तर शक पाहा. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, पण माघ-फाल्गुनातल्या जन्माला ७९ मिळवायचे : शके १८५५ चा माघ म्हणजे १९३४. मार्गशीर्ष किंवा पौषातला जन्म असेल तर जुनं पंचांगच काढावं लागतं, कारण याच दोन महिन्यांत कधीतरी इंग्रजी साल बदलतं. जमिनीचे जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) असतील तर वारसनोंदीवरून पणजोबा कधी गेले याचा अदमास लागतो. नोंद मात्र मृत्यूनंतर कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी झालेली असते.

आजींना किंवा आजोबांच्या बहिणीला 'कोणत्या साली?' असं विचारू नका. पानशेत फुटलं तेव्हा (१२ जुलै १९६१) बिऱ्हाड कुठे होतं, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे (११ डिसेंबर १९६७) थोरला चालायला लागला होता का, बहात्तरच्या दुष्काळात घरात काय शिजत होतं, असं विचारा. सालं आपोआप जुळतात. फोन घडी केलेल्या पंचावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा आणि कुकर लावायचा असेल तर आधीच लावून घ्या. एका बैठकीला अर्धा तास पुरे. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास लागतात, हे अंगावर घेणाऱ्याला आधी सांगा.

आता खरी अडचण. आजोबा हसवणारे होते, आणि स्मरणिकेत बहुतेकदा नेमकं तेच मरतं. दहापैकी आठ लेखांत 'अण्णा अत्यंत हजरजबाबी होते' एवढं वाक्य असतं आणि जबाब एकही नसतो. असं वाक्य आलं की लिहिणाऱ्याला फोन करून तीनच गोष्टी विचारा : समोर कोण होतं, त्याने काय विचारलं, अण्णा शब्दशः काय म्हणाले. मग हाती असं काहीतरी लागतं :

डॉक्टर : आजोबा, वय किती?
अण्णा : मीटर कधीच बंद पडलाय. भाडं अंदाजानं लावा.

इथेच थांबायचं. खाली 'आणि सगळे खळखळून हसले' लिहिलं की विनोद गेला. 'भाडं' चं 'भाडे' करू नका. बोलीतला वाक्प्रचार प्रमाण मराठीत आणला की अण्णांचा आवाज जातो. एकच किस्सा तिघांनी तीन प्रकारे सांगितला तर सर्वांत छोटा घ्या. ज्या किश्शात एखाद्या सुनेची किंवा जावयाची फजिती आहे तो छापण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा. त्याला हसू आलं नाही तर काढून टाका, मग तो कितीही गाजलेला असो.

फोटोंचं थोडक्यात. मूळ आकारातच छापायचा तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन पुरतं; पासपोर्ट आकाराचा मोठा करायचा तर ६०० तरी हवं. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका, वरचा थर उपटतो. तो पानासकटच स्कॅन करा. भिंतीवरच्या तसबिरीची काच कागदाला चिकटली असेल तर तीही उघडू नका. खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, समोर गडद चादर धरून फोटो काढा, म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये टंकला आणि डीटीपीवाल्याने तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला, की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'ऱ्या' फुटतो. म्हणून प्रुफं फोनवर नको, कागदावर मागा आणि आधी नावंच तपासा : 'सूर्यकांत', 'कऱ्हाड', 'कुऱ्हाडे'. अक्षर १४ पॉइंटचं ठेवा, वाचणारे निम्मे सत्तरीपुढचे असतात. ए-५ आकार, मध्ये पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत. ३२ पानं पुष्कळ झाली. आतला कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम), फोटोंची चार पानं १३० च्या आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ २५० चं.

घरं मोजून प्रती सांगा आणि वर १५ जादा घ्या, कारण तेराव्याला न आलेले वर्षश्राद्धाला हमखास येतात. पीडीएफ कुटुंबाच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाकू नका. छापायला देण्याआधी सगळी प्रुफं आजींना मोठ्याने वाचून दाखवा. 'हे असं नव्हतं झालं' असं त्या निदान तीन ठिकाणी म्हणतील, आणि त्यातल्या दोन ठिकाणी त्यांचंच बरोबर निघेल.