चेंबरचं ऑइल गळणं अखेर थांबलं

इंजिन खोलून परत बसवलं आणि आठवड्यातच चेंबरच्या (इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेने ऑइल ठिपकायला लागलं. चेंबर उतरवलं तर आत सांधा बंद करायला लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे, दोन तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकलेले, बघून पोटात गोळाच आला कारण जाळी चोंदली की ऑइलचं प्रेशर जातं आणि बेअरिंग संपतात. यावेळी जुना थर प्लास्टिकच्या पट्टीनेच काढला (अ‍ॅल्युमिनियमवर स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, ओरखड्यातूनही गळतं), दोन्ही बाजू ब्रेक क्लीनरने पुसल्या, मग नव्या सिलिकॉनची साधारण ३ मिमीची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. साय धरायच्या आत चेंबर लावलं, बोल्ट आधी हाताने मग टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना). ऑइल २४ तासांनी भरलं. दोन महिने झाले, खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा आहे.