क्रॅक फ्रंटवर ‘के’ काढायला शिकताना

महापे एमआयडीसीत प्रेशर व्हेसलच्या (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यांच्या) अ‍ॅनालिसिसचं काम करते. टीममध्ये नव्याने येणारी मुलं सॉफ्टवेअर भराभर शिकतात, पण क्रॅकचं मॉडेल सोडवलं की बहुतेकांची नजर आधी चित्रातल्या लाल रंगाकडे, म्हणजे सर्वाधिक स्ट्रेसच्या (आतल्या ताणाच्या) जागेकडे जाते. क्रॅकच्या टोकाशी जास्तीत जास्त स्ट्रेस किती? हा आकडा सोडून द्या. लिनिअर इलॅस्टिक गणितात टोकाशी स्ट्रेस अनंत असतो, त्यामुळे मेश (मॉडेलचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडणारी जाळी) जितकी बारीक कराल तितका तो चढतच जाईल. आपल्याला हवा असतो तो टोकाजवळच्या स्ट्रेसची तीव्रता सांगणारा ‘के’, म्हणजे स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर. आयर्विनने तो 1957 मध्ये मांडला.

कंपनीचा जॉब हातात घेण्याआधी एक सराव जरूर करा. मोठ्या ठोकळ्याच्या पोटात 10 मिमी त्रिज्येची गोल, चपटी क्रॅक ठेवा आणि तिला काटकोनात 100 मेगापास्कलने ओढा. याचं उत्तर हाताने निघतं: 2σ√(a/π) (σ म्हणजे ओढ, a म्हणजे त्रिज्या), म्हणजे सुमारे 357 मेगापास्कल√मिमी. ठोकळा क्रॅकच्या दहापट तरी घ्या. फ्रंटभोवती, म्हणजे क्रॅकच्या कडेच्या रेषेभोवती, एलिमेंटची वलयं लावा, टोकाकडची बाजू मिटवून घ्या आणि एलिमेंटच्या कडांवरचे मधले नोड (जोडबिंदू) टोकापासून पाव अंतरावर सरकवा. टोकाशी स्ट्रेन ज्या पद्धतीने वाढतो, ती या सरकवण्याने एलिमेंटमध्ये उतरते. ही युक्ती 1970च्या दशकातली आहे आणि मला ती आजही फार सुंदर वाटते.

इथे फ्रंटच्या प्रत्येक नोडवर ‘के’ सारखाच यायला हवा. कोपऱ्याच्या आणि मधल्या नोडचे आकडे आलटून पालटून वरखाली होत असतील, तर मेशवर पुन्हा बसा.

मग कॉन्टूर, म्हणजे टोकाभोवती घेतलेल्या वाटा. राइसने 1968 मध्ये दाखवलं, की जे-इंटिग्रल (क्रॅक वाढताना मोकळी होणारी ऊर्जा मोजणारी राशी) कुठल्या वाटेने काढला यावर अवलंबून नसतो. म्हणून पाच-सहा कॉन्टूर मागा, पहिला सोडा आणि उरलेले एकमेकांशी जुळतात का ते बघा. आकडे सरकत असतील तर लोड तपासा. व्हेसलच्या आतल्या बाजूला उघडणाऱ्या क्रॅकमध्ये दाबाखालचं द्रव शिरतं, म्हणून क्रॅकच्या दोन्ही पृष्ठांवरही दाब लावावा लागतो. नव्या मॉडेलमध्ये मी सर्वांत आधी हेच शोधते, कारण हा दाब राहिला तर ‘के’ कमी येतो आणि भांडं आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसतं.

फ्रंट वक्र असेल तर वाढीची दिशा प्रत्येक नोडला वेगळी असते. सगळ्यांना एकच दिशा देण्यापेक्षा क्रॅकच्या प्रतलाचा लंब द्या. फ्रंट बाहेरच्या पृष्ठभागाला मिळतो तिथल्या शेवटच्या नोडवर मात्र विसंबू नका; तिथे स्ट्रेस वाढण्याचा नियमच बदलतो. अर्धलंबवर्तुळाकार पृष्ठभागी क्रॅक असेल, तर न्यूमन आणि राजू यांची 1981 ची समीकरणं पडताळणीला घ्या.

‘जे’वरून थेट ‘के’ काढायचा मोह होतो. शुद्ध मोड एकमध्ये, म्हणजे क्रॅक फक्त काटकोनात उघडत असेल तर, ते चालतं. क्रॅक तिरकी असली की तिन्ही मोड (उघडणं आणि दोन प्रकारचं सरकणं) वेगळे करणारा इंटरॅक्शन इंटिग्रल वापरा.

आणि एकक! मॉडेल मिमीत असतं, मटेरियलची टफनेस (क्रॅक वाढू न देण्याची क्षमता) मात्र बहुधा मेगापास्कल√मीटरमध्ये छापलेली असते. 31.62 ने भागा. वरचे 357 मग 11.3 होतात, आणि टफनेसशी तुलना करायची ती या 11.3 ची.