विशेष शाळेची मुख्याध्यापिका होण्याआधी

परळच्या एका विशेष शाळेत मी अकरा वर्षं वर्ग घेतला, मग मुख्याध्यापिका झाले. बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांची शाळा. पहिल्याच वर्षी मी वेळापत्रक बदललं. डब्याची सुट्टी वीस मिनिटांवर आणली आणि वाचलेला वेळ गणिताला दिला. आठवड्याभरात मावशी केबिनमध्ये आल्या. "बाई, आता पोरांना मलाच भरवावं लागतंय. हातानं खायला त्यांना वेळच पुरत नाही." डबा उघडणं, चमचा धरणं, घास तोंडापर्यंत नेणं, हे शिकवायला शिक्षिकांनी दोन वर्षं घालवली होती. मुलांचा सगळ्यात महत्त्वाचा तास मीच कापला होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी पाऊण तासाची केली.

तेव्हापासून आयईपीच्या, म्हणजे प्रत्येक मुलाच्या स्वतंत्र शिक्षण-आराखड्याच्या, बैठकीला मावशींना आणि बसवरच्या दादांनाही बोलावते. मूल कुठल्या आवाजाला घाबरतं, हे फिजिओच्या आधी त्यांना कळलेलं असतं.

या कामात यायचं असेल तर लागणाऱ्या शिक्षणाचं थोडक्यात सांगते. विशेष बी.एड. किंवा डी.एड. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या ठिकाणीच करा आणि परिषदेकडे नोंदणी करा. ती वेळोवेळी नूतनीकरण करावी लागते, हे विसरू नका. कर्णबधिरांच्या शिक्षणाकडे ओढा असेल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे. एसएनडीटीच्या जुहूच्या आवारातही विशेष शिक्षणाचा विभाग आहे. पदवीनंतर लगेच पदाच्या मागे लागू नका. निदान काही वर्षं लहान मुलांना शी-शूची सवय लावा, ती समज दुसरीकडे कुठे मिळत नाही.

खरी कसोटी पालकांशी बोलताना लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं, आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण अठरानंतर काय, हा प्रश्न आई सतराव्या वर्षी रडत विचारते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी तो विषय चौदाव्या वर्षीच काढते: कुठलं काम जमेल, एकट्यानं बस पकडता येईल का, अठरानंतर मुलाच्या वतीनं निर्णय घेता यावेत म्हणून राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागेल का. पहिल्या भेटीत बरेच पालक चिडतात. चिडू द्यावं, चहा द्यावा, पुढची तारीख द्यावी.

सोमवारचा पहिला तास मी अजून सगळ्यात लहान वर्गावर घेते. तेव्हा कुणाचा फोन आला तर ऑफिसातून उत्तर जातं, बाई वर्गात आहेत.