आंतरराष्ट्रीय राजकारणात एम.ए. करताय? या चुका टाळा

हा विषय का घेतला असं पहिल्या सेमिस्टरच्या मुलांना विचारलं, तर दोनच उत्तरं जास्त ऐकू येतात: यूपीएससीला उपयोगी पडतो, किंवा जगाच्या बातम्यांची आवड आहे. दोन्ही कारणं रास्त आहेत. पण दोन्हींमुळे एक सवय लागलेली असते. मत आधी तयार होतं, प्रश्न नंतर सुचतो आणि मूळ कागद सगळ्यात शेवटी उघडला जातो, किंवा उघडलाच जात नाही. एम.ए.च्या दोन वर्षांत होणाऱ्या बहुतेक चुका या उलट्या क्रमातून होतात.

विभागाचं नाव बघून प्रवेश

दिल्लीच्या जेएनयूतलं आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं स्कूल 1955 साली स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालं आणि 1970 मध्ये विद्यापीठात विलीन झालं. तिथे प्रदेशवार वेगळी केंद्रं आहेत. मुंबई आणि पुण्यात हा विषय मुख्यतः राज्यशास्त्राच्या विभागात शिकवला जातो; पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्राचा वेगळा विभागही आहे. म्हणजे विषय एकच वाटला तरी दोन वर्षांत हाताशी येणारं साहित्य वेगवेगळं असतं. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा, ऐच्छिक पेपर बघा आणि तिथल्या प्राध्यापकांनी गेल्या काही वर्षांत कशावर लिहिलंय ते शोधा. पश्चिम आशियावर काम करायचं असेल आणि विभागात त्यावर वाचणारं कुणीच नसेल, तर नाव कितीही मोठं असलं तरी गाईड (मार्गदर्शक प्राध्यापक) मिळताना अडचण येणार.

विषय आहे, प्रश्न नाही

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला, आणि ही चूक ठळक दिसू लागली. ‘भारत-चीन संबंध : एक अभ्यास’ हे शीर्षक दर वर्षी येतं. त्यात 1954 चा पंचशील करार, 1962 चं युद्ध, 2020 चं गलवान असं सगळं क्रमाने येतं, आणि शेवटी ‘दोन्ही देशांनी संवाद वाढवावा’ असा निष्कर्ष. वाचून संपल्यावर नवीन काही हाती लागत नाही, कारण काही विचारलेलंच नसतं.

हाच विषय कसा आवळायचा, ते बघा. भारत आणि चीनने 1996 साली सीमाभागात विश्वास वाढवण्याचा करार केला. प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, हे कलम त्यातलंच. गलवानमध्ये बंदुका का चालल्या नाहीत याचं उत्तर देताना 2020 मध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी याच कराराचा हवाला दिला होता. त्याच करारात प्रत्यक्ष नियंत्रण रेषेचे नकाशे एकमेकांना द्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात 2000 साली फक्त मधल्या क्षेत्राचे (हिमाचल-उत्तराखंडकडचे) नकाशे दिले-घेतले गेले. पश्चिम क्षेत्राचं (लडाखकडचं) काम 2002 मध्ये अडलं आणि पुढे सरकलंच नाही. का अडलं? हा प्रश्न एका सेमिस्टरमध्ये मावतो. त्याला तारखा आहेत, कागद आहेत, आणि एकाहून जास्त उत्तरं शक्य आहेत.

तुमचा प्रकल्प पसरलाय असं वाटत असेल, तर एक साधी परीक्षा घ्या. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून वाक्य धड होतं का? होत नसेल, तर लिखाण थांबवून आधी ते दुरुस्त करा.

बातमीवरच समाधान

युक्रेनवरच्या मतदानात भारत तटस्थ राहिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 25 फेब्रुवारी 2022 ला सुरक्षा परिषदेत भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिरात तिघेही तटस्थ राहिले आणि रशियाने नकाराधिकार वापरला. उत्तरपत्रिकांमध्ये यापुढे थेट ‘भारत रशियाच्या बाजूने’ किंवा ‘भारताची स्वायत्तता’ अशी लेबलं लागतात. मतदानानंतर भारताच्या प्रतिनिधीने केलेलं निवेदन मात्र फार थोड्यांनी वाचलेलं असतं. ते जेमतेम पानभर आहे. त्यात रशियाचं नाव घेऊन निषेध नाही. पण संयुक्त राष्ट्रांची सनद, राष्ट्रांचं सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि राजनयाचा मार्ग सोडला गेला याबद्दल खेदही. तिन्ही देशांची निवेदनं शेजारी ठेवून वाचा. मत एकच, कारणं वेगळी, हे लगेच दिसतं.

ही निवेदनं, ठराव, मतदानाच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात फुकट मिळतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संयुक्त निवेदनं आणि संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या चाळता येतं. वर्तमानपत्रं जरूर वाचावीत, पण प्रकल्पाचा मुख्य आधार म्हणून ती पुरत नाहीत.

घराजवळचं साहित्य न बघणं

याची मला मनापासून हळहळ वाटते. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटलं की आपली मुलं वॉशिंग्टन-बीजिंगकडेच बघतात. दादरा आणि नगर हवेली 1954 मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली, त्यात आपल्याकडचे कितीतरी कार्यकर्ते होते. पुढे पोर्तुगालने भारतावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला त्यात भारताच्या बाजूने नेमलेले तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश होते. 1960 च्या निकालात न्यायालयाने खासगी व्यक्ती, नागरी अधिकारी आणि माल भारतीय प्रदेशातून तिथे नेण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य केला, सशस्त्र दलांना मात्र तो नाकारला, आणि भारताने आपली जबाबदारी मोडली नाही असं ठरवलं.

त्यानंतरचं वर्ष गोव्याचं. पोर्तुगीज ताब्यातल्या गोव्यात भारताने सैन्य घातलं. 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्य देशांनी शस्त्रसंधी आणि सैन्यमाघारीचा ठराव आणला. सात मतं बाजूने, चार विरोधात. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो पडला. विरोधातली इतर तीन मतं सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाची (आजच्या इजिप्तची) होती. या देशांनी भारताला साथ का दिली? वसाहतवादाच्या प्रश्नावर बळाचा वापर चालतो का, यावर त्या बैठकीत काय युक्तिवाद झाले? बैठकीचं शब्दशः इतिवृत्त उपलब्ध आहे. मराठी, कोंकणी, पोर्तुगीज साधनं गोव्यात आणि मुंबईत आहेत. दिल्लीच्या किंवा लंडनच्या विद्यार्थ्याला जे सहज वाचता येत नाही, ते तुम्हाला येतं. ही ताकद वाया घालवू नका.

सिद्धांताचं वेगळं प्रकरण, पुढे त्याचा पत्ता नाही

दुसऱ्या प्रकरणात वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद यांची माहिती, आणि तिसऱ्या प्रकरणापासून त्यांचा उल्लेखही नाही. परीक्षक हे पहिल्या चाळणीतच ओळखतात. सिद्धांताने तुमच्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं द्यायला हवीत. वरचं नकाशांचं उदाहरण घ्या. वास्तववादी (राष्ट्रं सत्ता आणि सुरक्षा बघून वागतात असं मानणारा) म्हणेल, नकाशा दाखवला की पुढच्या वाटाघाटीतला हात उघडा पडतो, म्हणून जिथे लष्करी महत्त्व जास्त तिथे टाळाटाळ जास्त. देशांतर्गत राजकारणावर भर देणारा म्हणेल, आक्रमकाला भारतभूमीवरून हुसकावण्याच्या 14 नोव्हेंबर 1962 च्या संसदेच्या ठरावानंतर कुठल्याही सरकारला सवलत देणं जड होतं. मग कोणता पुरावा मिळाला तर पहिलं खरं आणि कोणता मिळाला तर दुसरं, हे लिहून काढा आणि तो शोधा. एवढं केलंत तर सिद्धांताचं प्रकरण दहा पानांवरून चारवर आलं तरी चालेल.

मराठी माध्यम

इंग्रजी कच्चं आहे म्हणून इंटरनेटवरचे परिच्छेद थोडे शब्द बदलून उतरवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे काम सुधारून पुन्हा सादर करावं लागतं आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. युक्तिवाद आधी मराठीत लिहा, अगदी बोलल्यासारखा. तो पक्का झाला की मग साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत आणा. अनेक राज्य विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते. तो पर्याय घेण्यात कमीपणा नाही. फक्त वाचन मराठी गाईडबुकांपुरतं ठेवू नका.

गाईडला शेवटच्या महिन्यात भेटणं

‘सर, काय करू?’ असं विचारत रिकाम्या हाताने गेलात तर सरांकडेही ठोस उत्तर नसतं. भेटीआधी एक पान पाठवा: प्रश्न एका वाक्यात, आतापर्यंत वाचलेले तीन कागद, आणि जिथे अडलंय ती जागा. सबमिशनला तीन आठवडे उरलेत आणि प्रश्नाला पुरावाच मिळत नाहीये, असं झालं तर विषय बदलू नका. कालखंड कमी करा, दोन देशांऐवजी एकच घ्या, आणि जे शोधूनही मिळालं नाही त्याची नोंद प्रकरणात स्वच्छ करा. कोणत्या अभिलेखागारात, कोणत्या वर्षांच्या फायली बघितल्या हेही लिहा. पुढच्या वर्षी त्याच विषयावर बसणाऱ्याला तिथूनच सुरुवात करता येईल.